आधी काडी, मग पाना

ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेनाशी झाली की निदानाला कुणाला वेळ लागत नाही. 'पंप गेला' असं आधी ड्रायव्हर म्हणतो, मग शेजारी म्हणतो, आणि पेरणी तोंडावर असली की मालकालाही ते पटतं. मग पंप उतरवायचा, पोत्यात घालायचा आणि हैदराबाद गाठायचं. सिकंदराबादच्या राणीगंजात पंप, सील, होज, कपलर असं सगळं सामान मिळतं. देगलूर, उदगीर, औराद, भालकी या पट्ट्याला मुंबई-पुण्यापेक्षा हा बाजार जवळचा. उदगीर-बिदरकडून येताना वाटेत झहीराबाद लागतं, तिथे २०१३ पासून महिंद्राचा ट्रॅक्टर कारखानाच आहे. म्हणजे सामानाचा आणि कारागिरांचा तुटवडा नाही. तरीही नवा पंप बसवून लिफ्ट जशीच्या तशी राहते, असं पुष्कळदा होतं. बिघाड पंपात नसेल तर दुसरं काय होणार?

'पंप दाब तयार करतो, दाब नाही म्हणजे पंप खलास'

पंप दाब तयार करत नाही, तो तेल पुढे ढकलतो. ढकललेल्या तेलाला ओझ्याने अडवलं की दाब चढतो. रिकामी ट्रॉली कमी दाबावर उठते, वाळूने भरलेली जास्त दाबावर, पंप मात्र तोच. हिशेब सोपा आहे. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमधल्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटीमीटर भरतं. दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो दाब मिळाला तर तो पिस्टन साडेसात हजार किलोंचा जोर लावतो. हा दाब चढत नसेल तर दोनच शक्यता उरतात. तेल पंपापर्यंत पोचत नाही, किंवा पोचलेलं तेल पुढे कुठेतरी निसटतंय. पंप झिजणं हा निसटण्याचा एक प्रकार आहे, एकमेव नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तेलाची काडी बघायची. तेल कमी असेल किंवा जाळी गाळाने भरली असेल तर पंप हवा ओढतो, किंचाळतो, आणि लिफ्ट हिसके देत वर येते. सक्शन पाइपाची एक ओ-रिंग कडक झाली तरी हेच होतं. बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही, कारण तिथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

यानंतरच्या दोन खुणांना पैसे लागत नाहीत. पहिली : सकाळी गार असताना लिफ्ट छान उचलते आणि दुपारी तापल्यावर ढिली पडते, तर तेल पातळ होऊन आतल्या आत गळतंय. इथे पंप, व्हॉल्व्ह किंवा सील झिजल्याचा संशय रास्त आहे. उलट, सकाळी अडते आणि तापल्यावर सुधारते, तर जाळी तुंबलीय किंवा तेल जाड आहे. दुसरी : बाहेरच्या कपलरवर ट्रॉली जोडून बघा. ज्या ट्रॅक्टरवर लिफ्टला आणि कपलरला एकच पंप आहे, तिथे भरलेली ट्रॉली नीट उठत असेल आणि मागची लिफ्ट तेवढी उचलत नसेल, तर पंपाची निर्दोष सुटका झाली. दोष लिफ्टच्या सिलिंडरात किंवा तिच्या व्हॉल्व्हमध्ये शोधायचा. एवढं करूनही शंका राहिली तर मिस्त्रीला प्रेशर गेज लावायला सांगा. गेज न लावता पंप बदलणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, हे माझं मत.

'तेल ते तेल, त्यात काय बघायचं?'

सगळ्यात महाग गैरसमज हा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं वेगळं तेल नसतं. गिअर ज्या तेलात फिरतात तेच तेल पंप ओढतो, आणि ऑईल ब्रेक असतील तर त्यांच्या चकत्याही त्यातच भिजतात. म्हणून या तेलाला तिन्ही कामं यावी लागतात. उरलेलं इंजिन ऑईल ओतलं तर लिफ्ट दोन दिवस चालेलही, पण ब्रेक किरकिरू लागतात किंवा हवे तसे धरत नाहीत. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड हा कंपनीचा धंदा वाढवायला लिहिलेला नसतो.

या एकाच तेलामुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ट्रॉली किंवा हायड्रॉलिक पलटी नांगर गावात चार ट्रॅक्टरांना फिरतो. दर वेळी आधीच्या ट्रॅक्टरचं तेल त्या सिलिंडरात असतं. तुम्ही होज जोडून लिव्हर ओढला की तुमचं तेल आत जातं. खाली सोडलं की मिसळलेलं तेल तुमच्या गिअरबॉक्समध्ये परत येतं. १०० मिलिमीटर व्यासाच्या आणि एक मीटर स्ट्रोकच्या सिलिंडरात जवळपास पावणेआठ लिटर तेल मावतं. म्हणजे उसन्या ट्रॉलीबरोबर शेजाऱ्याच्या तेलातला कीस, पाणी आणि चुकीचा ग्रेडही बादलीभर घरी येतो. कपलरच्या टोकावर चिकटलेली माती तर थेट आत ढकलली जाते. टोक पुसायला चिंधी आणि झाकायला टोपी एवढाच याचा खर्च.

याच हिशेबातून काडी कधी बघायची तेही कळतं. ट्रॉली वर असताना तेल कमी दिसणारच, ते सिलिंडरात गेलंय. त्या वेळी वरून भरलं तर ट्रॉली खाली आल्यावर हाऊसिंग गच्च भरतं आणि ब्रीदरमधून तेल ओकतं. सगळी अवजारं जमिनीवर, ट्रॅक्टर सपाटीवर, इंजिन बंद, मग काडी.

आता पाण्याचं. बोधन, बान्सवाड्याकडे धानाच्या चिखलणीला केजव्हील लावलेला ट्रॅक्टर ॲक्सलपर्यंत चिखलात बुडतो. हाऊसिंग तापलेलं असतं, वरून कालव्याचं गार पाणी लागतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं. पण फेसाळ तेलही दुधाळ दिसतं, आणि इथेच लोक फसतात. साधी पारख अशी : तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्या आणि न हलवता ठेवून द्या. हवेचा फेस असेल तर तासाभरात तेल तळाकडून स्वच्छ होत वर येतं आणि फुगे पृष्ठभागावर फुटतात. पाणी असेल तर तेल तसंच धुरकट राहतं, किंवा सकाळी तळाशी पाण्याची वेगळी रेघ दिसते. तरी खात्री नसेल तर लोखंडी तवा चांगला तापवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि लांबून एक थेंब तव्यावर सोडा. चरचरला, तडतडला तर पाणी आहे. कोरडं तेल नुसतं पसरतं आणि धुरतं. हवा असेल तर सक्शनची गळती शोधा. पाणी असेल तर सगळं तेल काढा, जाळी धुवा, फिल्टर बदला, आणि पाणी शिरलं कुठून ते बंद करा, नाहीतर नवं तेलही आठवड्यात दुधाळ.

'लिफ्ट आपोआप वरखाली होते, म्हणजे बिघडली'

नांगरताना होत असेल तर बहुधा ती तिचं काम करतेय. हॅरी फर्ग्युसनने १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि पुढे १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनवर जी तीन-बिंदू जोडणी आणली, तिचा गाभाच हा होता. नांगराला ओढ जास्त पडली की टॉप लिंकमधून ती जाणवते, हायड्रॉलिक यंत्रणा नांगर किंचित उचलते, ओढ कमी होते आणि वजन मागच्या चाकांवर येतं. झहीराबादच्या पठारावर एकाच शिवारात तांबडी मुरमाड आणि चिवट काळी जमीन शेजारी शेजारी असते. तिथे या ओढीवर चालणारा ड्राफ्ट लिव्हर लावल्यावर नांगर थोडा वरखाली होणारच. मात्र रोटाव्हेटरला हाच लिव्हर लावला तर खोली सारखी बदलते. त्याला पोझिशन कंट्रोलचा लिव्हर लावायचा. दोन लिव्हर दोन कामांना दिलेत, दोन्ही एकदम ओढायला नाहीत.

अवजार खाली येईना, तर आधी सीटखालचा नॉब बघा. रस्त्यावरून जाताना अवजार उतरू नये म्हणून तो कुणीतरी आवळलेला असतो आणि शेतात आल्यावर विसरलेला. हा नॉब सोडवण्यासाठी हाऊसिंग उघडल्याच्या गोष्टी गॅरेजवाले हसून सांगतात. पैसे मात्र घेतात.

'कंपनीने १५०० किलो सांगितलंय, मग १२०० किलोंचं अवजार का उचलत नाही?'

कारण ते १५०० किलो खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेले असतात. अवजाराचं वजन तिथे नसतं, मागे असतं. म्हणून चाचणीत टोकापासून ६१० मिलिमीटर मागे भार ठेवूनही क्षमता मोजतात, आणि तो आकडा कमी येतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी संस्थेचा चाचणी अहवाल मागा आणि त्यात हा दुसरा आकडा शोधा. जाहिरातीत तो सहसा नसतो.

'रिलीफ व्हॉल्व्ह अर्धा आटा आवळला की ताकद वाढते'

वाढते, आणि होज फुटेपर्यंत टिकते. रिलीफ व्हॉल्व्ह हा पंप, होज आणि सिलिंडर यांचा पहारेकरी आहे. पंप झिजल्यामुळे दाब चढत नसेल तर व्हॉल्व्ह आवळून काहीच होत नाही. आणि पंप चांगला असेल तर कमजोर कडी तुटते. दुसरं, ट्रॉली पूर्ण वर गेल्यावरही लिव्हर धरून ठेवायची सवय सोडा. त्या वेळी येणारा कर्कश आवाज रिलीफमधून तेल सुटल्याचा असतो. मिनिटाला २० लिटर तेल १५० बार दाबाने असं सुटत राहिलं तर पाच किलोवॅट, म्हणजे पावणेसात हॉर्सपॉवर, नुसते तेल तापवण्यात जातात.

'कपलर बसत नाही, म्हणजे खराब झाला'

हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हात होज दिवसभर पडून राहिला की आतलं तेल फुगतं आणि टोकाची गोळी आतून दाबून धरतं. हातोडीने कपलर ठोकू नका. ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवला की सुटतो. होजच्या बाजूचा सुटत नसेल तर होज सावलीत ठेवा आणि तेल गार होऊ द्या. पुढच्या खेपेला अवजार जमिनीवर टेकवून, लिव्हर हलवून, मगच होज काढा. पलटी नांगर उलट्या बाजूला पलटत असेल तर दोन होज अदलाबदल झालेत, बाकी काही नाही. आणि अजिबात पलटत नसेल तर दोन्ही कपलर पुरते आत बसलेत का ते आधी बघा. एक अर्धवट बसला की तेलाचा परतीचा रस्ता बंद होतो.

'वर उचललेली ट्रॉली तेलावर सुरक्षित असते'

नसते. लिव्हर मध्ये असताना ओझं पंप धरत नाही, ते व्हॉल्व्ह आणि सील धरतात. रात्री उचललेलं अवजार सकाळी टेकलेलं दिसतं ते त्यातल्या बारीक गळतीमुळे. ही गळती हळू असते, पण होज फुटला तर उतरायला क्षण लागतो. ट्रॉलीखाली शिरण्याआधी लोखंडी टेकू लावा. जॅक किंवा लाकडाचा ओंडका चालत नाही.

शेवटचा गैरसमज हातमोज्यांचा आहे. होजवर बारीक फवारा दिसतो आणि माणूस गळती शोधायला हात फिरवतो. शंभर-दीडशे बार दाबाची ती धार हातमोज्यासकट कातडीतून आत जाते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधायची, हाताने कधीच नाही. आणि तेल टोचलंच, तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून लोक हळद लावून घरी बसतात. बसू नका. आत तेल पसरत राहतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. लगेच मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, दाबाचं तेल आत गेलंय.