बाळंतपणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर कशी काढायची?

वस्तीत एखाद्या सुनेला दिवस गेले की आल्या-गेल्याचा पहिला प्रश्न असतो, "कितवा चाललाय?" एकाच घरात त्याची तीन उत्तरे मिळतात. सासूबाई पाळी चुकली त्या महिन्यापासून मोजतात. सूनबाईंच्या मोबाइलवर वेगळाच आठवडा दिसतो. सोनोग्राफीच्या कागदावर तिसरीच तारीख छापलेली असते.

वरवर पाहता ही साधी गोष्ट वाटते. पण वडगाव निंबाळकरसारख्या गावात बाईला रात्री-अपरात्री नीरा रस्त्याने बारामतीला न्यायचे असते. गाळप हंगामात याच रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. अशा वेळी "अजून महिना आहे" असे समजून घरातला कर्ता माणूस बाहेरगावी कामाला गेलेला असेल आणि कळा सुरू झाल्या, तर ती एका महिन्याची चूक महागात पडते. म्हणून बाळंतपणाची तारीख कशी काढायची हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवे. त्याला मोठे गणित लागत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर आणि एक पेन पुरेसे आहे.

मोजणी कुठून सुरू करायची?

शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तो पहिला दिवस धरायचा. पाळी संपली तो दिवस धरायचा नाही आणि पाळी चुकली तो दिवसही नाही. दवाखान्यात सिस्टर "एलएमपी काय?" असे विचारतात, तेव्हा त्यांना हीच तारीख हवी असते.

तुम्ही म्हणाल, त्या दिवशी तर गर्भ राहिलेलाच नसतो. खरे आहे. गर्भ साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतो. पण तो दिवस नेमका कोणाला सांगता येत नाही, पाळीचा दिवस मात्र बाईला ठाऊक असतो. म्हणून जगभरातले डॉक्टर तिथूनच मोजतात. तिथपासून बाळंतपणापर्यंत सरासरी 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे धरतात.

सासूबाई पाळी चुकल्यापासून मोजतात, तेव्हा पहिले चार आठवडे हिशेबातून गळतात. घरात "आठवा" म्हणतात तेव्हा दवाखान्याच्या कार्डावर नववा लागलेला असतो, तो यामुळेच.

सात दिवस पुढे, तीन महिने मागे

जर्मनीत हायडेलबर्ग येथे फ्रान्झ नेगेले (1778–1851) नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सोपा नियम आजही सगळीकडे वापरतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा. मग तीन महिने मागे जा आणि वर्ष पुढचे धरा. सात दिवस मिळवून नऊ महिने पुढे मोजले, तरी उत्तर तेच येते.

समजा, पाळी 14 एप्रिल 2026 रोजी आली. सात दिवस मिळवले, 21 एप्रिल. तीन महिने मागे गेलो, 21 जानेवारी. वर्ष पुढचे, म्हणजे 21 जानेवारी 2027.

पाळी महिनाअखेरीस आली असेल तर? समजा 26 जून 2026. जून 30 दिवसांचा, म्हणून सात दिवस मिळवल्यावर 3 जुलै. तीन महिने मागे, 3 एप्रिल 2027. आधी दिवस मिळवावेत आणि मग महिने मोजावेत, म्हणजे गोंधळ होत नाही.

सगळे महिने सारख्या दिवसांचे नसतात. त्यामुळे या नियमाने आलेली तारीख आणि बोटांवर मोजलेले 280 दिवस यांत दोन-तीन दिवसांचा फरक पडू शकतो. मोबाइलची तारीख आणि सिस्टरची तारीख एवढ्यानेच वेगळी असेल, तर काळजी करू नये.

आपल्याकडे "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतात. जुन्या बायकांचा हा हिशेब नियमाच्या अगदी जवळचा आहे. फरक फक्त दोन दिवसांचा. मात्र तोही पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच मोजायला हवा.

पौर्णिमेवरून मोजत असाल तर

आपल्या घरांत पौर्णिमा लक्षात राहते. "बुद्ध पौर्णिमेच्या दिवशीच पाळी आली होती," असे सांगणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. त्यावरूनही अंदाज काढता येतो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस असतात. म्हणून 280 दिवस म्हणजे जवळजवळ साडेनऊ चांद्रमास. पाळी पौर्णिमेला आली असेल, तर पुढच्या नऊ पौर्णिमा मोजा आणि त्यानंतरच्या अमावस्येच्या आसपासची तारीख धरा.

पण इथे एक खाच आहे. 2026 साली अधिक महिना आहे. 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ आणि त्यानंतर निज ज्येष्ठ. वैशाख पौर्णिमा 1 मे 2026 रोजी आहे. तिच्यानंतर प्रत्यक्ष आकाशात दिसणारी नववी पौर्णिमा पौषातली, 22 जानेवारी 2027 ची. त्यानंतरची अमावस्या 6 फेब्रुवारीला. नियमाने काढले तर तारीख 8 फेब्रुवारी येते, म्हणजे मेळ बसतो. पण कोणी अधिक महिना सोडून नुसती महिन्यांची नावे मोजली, तर नववा महिना माघ येईल आणि तारीख मार्चमध्ये जाईल. संपूर्ण एक महिना चुकेल. म्हणून पौर्णिमा फक्त आठवणीसाठी वापरा. ती कोणत्या इंग्रजी तारखेला होती ते कॅलेंडरमध्ये पाहा आणि पुढचा हिशेब इंग्रजी तारखेनेच करा.

तारीख आठवत नसेल तर

आठवणीला खुंटी लागते. भीमजयंतीच्या आधी की नंतर? 26 जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला गेलो तेव्हा पाळी होती का? लग्नाची तारीख, पगाराचा दिवस, बचत गटाची बैठक, असे काहीतरी धरून मागे जा. तरीही आठवले नाही, तर अंदाजे तारीख ठोकून देऊ नका. "नक्की आठवत नाही" असेच आशाताईंना सांगा.

काही वेळा नियम लागूही पडत नाही. पाळी अनियमित असेल, अंगावर दूध पाजत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील किंवा गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, तर लवकर सोनोग्राफी करून घ्यावी. कुणाची पाळी नेमाने 35 दिवसांनी येत असेल, तर आलेल्या तारखेत आणखी सात दिवस मिळवावेत. आणखी एक गोष्ट. गर्भ राहिल्यावरही सुरुवातीला कधी थोडे रक्त दिसते. त्यालाच पाळी समजले तर हिशेब महिनाभराने चुकतो. नेहमीपेक्षा अगदी कमी गेले असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. रक्त गेले हे लपवण्यासारखे नाही, दाखवण्यासारखे आहे.

सोनोग्राफीत दर वेळी वेगळी तारीख का?

पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. म्हणून त्या काळातल्या सोनोग्राफीची तारीख सर्वांत भरवशाची असते. पुढे कुणाचे बाळ थोराड, कुणाचे बारीक. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवड्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. याचा अर्थ बाळंतपण पुढे ढकलले गेले असा नाही. पाळीची तारीख आणि पहिली सोनोग्राफी पाहून डॉक्टर एकदा जी तारीख ठरवतात, तीच शेवटपर्यंत धरायची. पुढच्या सोनोग्राफीत बाळ लहान दिसले, तर तारीख बदलण्याऐवजी बाळाची वाढ का कमी आहे हे विचारायचे. त्यासाठी पहिला कागद जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या.

एका तारखेवरून बाकीच्या तारखा

पुन्हा 14 एप्रिल 2026 चेच उदाहरण घेऊ. कॅलेंडरवर या खुणा करा:

- 7 जुलैपर्यंत 12 आठवडे पूर्ण होतात. त्याआधी आशाताई किंवा आरोग्यसेविकेकडे नोंदणी झाली पाहिजे. माता बाल संरक्षण कार्ड, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रक्त-लघवीची तपासणी इथूनच सुरू होते. एकूण तपासण्या किमान चार व्हाव्यात.
- चौथा महिना लागला की लोहाच्या गोळ्या रोज, किमान 180 दिवस.
- 18 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर म्हणजे 18 ते 20 आठवडे. बाळाचे अवयव नीट आहेत का, हे पाहणारी सोनोग्राफी या काळात करतात.
- 29 सप्टेंबर ते 27 ऑक्टोबर म्हणजे 24 ते 28 आठवडे. साखरेची तपासणी याच काळात पुन्हा करायची.
- 14 ऑक्टोबरला पाळीच्या तारखेपासून सहा महिने होतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या पहिल्या हप्त्यासाठी नोंदणी आणि एक तपासणी त्याआधी झालेली लागते. पहिल्या बाळंतपणाला या योजनेत 5,000 रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास 6,000 रुपये मिळतात.
- चौथ्या महिन्यापासून दर महिन्याची 9 तारीख. सुरक्षित मातृत्व अभियानात या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची मोफत तपासणी असते.

नोकरी करणाऱ्या बाईलाही ही तारीख लागते. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आपल्या उदाहरणात ती रजा 26 नोव्हेंबरपासून घेता येईल. त्याआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेले असावे लागते, आणि हे बारा महिनेही अपेक्षित तारखेपासूनच मागे मोजतात. एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या भगिनींनी हजेरीचा हिशेब जपून ठेवावा. बाळंतपणाआधी आणि नंतर कष्टकरी बाईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, ही भूमिका बाबासाहेबांनी जुलै 1928 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडली होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. तो हक्क वापरायचा तर तारीख आपल्याला सांगता आली पाहिजे.

ती तारीख म्हणजे मुहूर्त नव्हे

काढलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बाया शंभरात चार-पाचच असतात. 37 आठवडे पूर्ण झाल्यापासून बाळ केव्हाही येऊ शकते. म्हणून तारखेच्या तीन आठवडे आधीपासून घर तयार असले पाहिजे. तारीख 21 जानेवारी असेल, तर 31 डिसेंबरपासून.

तयारी म्हणजे काय? बॅग भरलेली, कार्ड व कागद एका पिशवीत, सोबत कोण जाणार हे ठरलेले. 102 आणि 108 हे गाडीचे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालयात जायचे की महिला रुग्णालयात, हे आधीच विचारून ठेवलेले. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे आणि रक्त मोफत आहे.

सून माहेरी जाणार असेल, तर कार्ड तिच्यासोबत जायला हवे आणि दोन्ही गावच्या आशाताईंना ते कळायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी उचल घेण्याआधीच तारीख काढून पाहावी. तारीख हंगामात येत असेल, तर बाई त्या वेळी कोपीवर असणार की घरी, हे आधीच ठरवावे.

37 आठवड्यांआधी कळा आल्या तर घरी वाट पाहू नका. त्या वेळी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचे की नाही, हे डॉक्टर आठवड्यांवरून ठरवतात. आठवडे चुकीचे सांगितले तर उपचारही चुकू शकतो. "सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही," हा समज खोटा आहे. पोटात जितके आठवडे जास्त भरतात, तितके बाळ सशक्त होते. म्हणूनच चांगला दिवस आहे म्हणून आधीच सिझर करून घेणेही बाळाच्या हिताचे नाही. सिझर केव्हा करायचे हे आई-बाळाची तब्येत पाहून डॉक्टरांनी ठरवावे, पंचांगाने नव्हे.

तारीख उलटली आणि कळा नाहीत, तरी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. आठवडा उलटूनही घरी बसणे धोक्याचे आहे. आणि रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे, यांतले काही झाले तर कॅलेंडर पाहत बसू नका. त्याच क्षणी निघा.

ज्या घरात सून किंवा लेक आहे, त्या घरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला पाळीच्या पहिल्या दिवशी एक छोटी खूण व्हावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. नवऱ्यालाही ती खूण कळायला हवी. आज केलेली ही एक खूण नऊ महिन्यांनंतर दोन जिवांच्या उपयोगी पडते.