पीएच.डी.साठी परदेश : आधी पैशाचे पत्र, मग व्हिसा



ऊस विकास खात्याचा माणूस व्हिसावर काय लिहिणार, असे आपणांस वाटेल. पण हल्ली बेणेप्रक्रियेचे बोलणे संपले की बांधावर हाच विषय निघतो. आपली मुले-मुली एम.एस्सी. ॲग्री. होऊन परदेशी पीएच.डी. करण्याची भाषा करू लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

सभासदांच्या सहलीत आम्ही दापोलीचे कृषी विद्यापीठ पाहून केळशीला महालक्ष्मीच्या दर्शनास गेलो होतो. तेथे एका सभासदाने विचारले, "साहेब, पोरीला पीएच.डी.ला बाहेर पाठवायचंय. एजंट म्हणतो, व्हिसाला खात्यात मोठी रक्कम दाखवावी लागते. दोन एकर काढू का?"

मी म्हटले, "तात्या, सातबाऱ्याला हात लावू नका. आधी पोरीला पैसे कोण देणार याचं पत्र येऊ द्या."

हे उत्तर सर्वांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

केळशीच्या आसपासचा मुलूखच याची साक्ष देतो. केळशीहून दक्षिणेला आडे, पाडले ओलांडले की आंजर्ले, आणि त्याला लागून मुर्डी. या मुर्डीत १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणितात सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता.

यातला पुढचा भाग नीट ध्यानात घ्या. १९१६ साली बाबासाहेब संशोधनासाठी लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते निघाले. मुंबईत नोकरी केली, पैसे साठवले, काही उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. डी.एस्सी. मिळाली ती १९२३ साली. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचेही काम पैशाची मुदत संपल्यामुळे तीन वर्षे अडले. तेव्हा पैसे कोण देणार, किती वर्षे देणार आणि कोणत्या अटीवर देणार, हे तिन्ही प्रश्न घर सोडण्याआधी लेखी सुटले पाहिजेत. त्या काळी आजच्यासारखा विद्यार्थी-व्हिसा नव्हता. आज व्हिसा देणारा अधिकारी हेच प्रश्न विचारतो, इतकेच.

पदवी किंवा एम.एस.चे शिक्षण बहुधा घरच्या पैशाने होते. पीएच.डी.चे तसे नाही. अमेरिकेत विज्ञान व शेती विषयांत पीएच.डी.चा विद्यार्थी सहसा विद्यापीठात शिकविण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम करतो. त्या बदल्यात फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. जर्मनीत तो पुष्कळदा पगारी नोकरच असतो. आपल्याकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी'ची सयाजीराव महाराजांच्या नावाची योजना आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींबरोबर भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांनाही खुली आहे. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. पैसे न देता नुसता प्रवेश देणारे पत्र आले, तर घाई करू नये. दुसरीकडे अर्ज करावा.

आता वेळापत्रक. पीएच.डी.चा अर्ज म्हणजे आडसाली लागण समजा. जवळजवळ दीड वर्षाचे पीक आहे, सुरूच्या हिशेबाने चालत नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जायचे तर यंदाच्या पावसाळ्यातच प्राध्यापकांना पत्रे लिहावीत, इंग्रजीची परीक्षा द्यावी आणि पासपोर्ट काढावा. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज डिसेंबरात बंद होतात. पासपोर्टवरील नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि पदवीवरील नाव एकच आहे ना, हे आधी ताडून पाहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग कोणते, असल्या बारीक गोष्टींनी ऐन वेळी धावपळ होते.

प्रवेश पक्का झाल्यावर अमेरिकेचे विद्यापीठ आय-२० नावाचा कागद पाठवते. त्यावर वर्षाचा खर्च किती आणि तो कोण देणार, हे छापलेलेच असते. मग 'सेव्हिस'ची फी (२०१९पासून ३५० डॉलर), डीएस-१६० हा अर्ज आणि व्हिसाची फी (२०२३पासून १८५ डॉलर). फी वाढत असते, म्हणून भरताना वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करावी. नंतर बोटांचे ठसे आणि मुलाखत. जून २०२५पासून अर्जदारांना समाजमाध्यमांवरील आपली खातीही सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले आहे.

ब्रिटनचे विद्यापीठ 'कॅस' हा क्रमांक देते. भारतीयांना क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. विज्ञान-तंत्राच्या काही विषयांना 'ॲटास' ही वेगळी मंजुरी लागते. तिला फी नाही, पण काही आठवडे जातात. खर्च घरून करावयाचा असेल तर ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

घरच्या उत्पन्नाचे कागद मागितले तर शेतकऱ्याने गांगरू नये. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र कोरे दिसते. त्याऐवजी सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि ऊसबिल जमा झालेले बँकेचे खातेउतारे जोडावेत. गेल्या तीन हंगामांच्या ऊसबिलाच्या पावत्या जपून ठेवा, त्या इथे कामी येतात. खरे आणि साधे कागद पुरतात.

इथेच एजंटाचा मुद्दा येतो. "चार दिवस पैसे खात्यात फिरवून देतो" म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. खोटे कागद दिल्याचे सिद्ध झाले तर ब्रिटनचे दार १० वर्षे बंद होऊ शकते आणि अमेरिकेचे तर कायमचे. एजंट दुसऱ्या गावी दुकान मांडतो, ठपका आपल्या लेकराच्या नावावर राहतो.

मुलाखत थोड्या मिनिटांची असते. कोणता विषय, हेच विद्यापीठ का, पैसे कोण देते, पुढे काय करणार, असे प्रश्न येतात. पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. उसाच्या तांबेऱ्यावर काम करणार असेल, तर आपल्या शेतात तो कसा दिसला ते मुलाने दोन वाक्यांत सांगावे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे, शिकून आपण परत येणार हे अर्जदारानेच पटवून द्यावयाचे असते. नकार मिळाला तर कारण नीट वाचावे, उणीव भरून पुन्हा अर्ज करता येतो.

पाडेगावसारख्या संशोधन केंद्रांतून बेणे आपल्या बांधापर्यंत आले, तेव्हा कुठे आपले टनेज वाढले. उद्याचे वाण काढणारा शास्त्रज्ञ आपल्याच एखाद्या सभासदाच्या घरातला असू शकतो. त्याच्यासाठी जमीन विकावी लागू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच. ज्यांच्या घरी असा विद्यार्थी असेल त्यांनी हा अंक त्याच्या हाती द्यावा, आणि पावसाळ्याच्या आत पासपोर्टचा अर्ज भरून घ्यावा.

— ऊस विकास अधिकारी