एसएसचे कनिष्ठ अधिकारी

नाझी पक्षाच्या एसएस या निमलष्करी दलात कनिष्ठ अधिकाऱ्यांची तीन पदे होती: उंटरस्टुर्मफ्यूरर, ओबरस्टुर्मफ्यूरर आणि हाउप्टस्टुर्मफ्यूरर. लष्करातील सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट आणि कॅप्टन यांच्या तोडीची. तिघांच्याही डाव्या कॉलरवर तीन चौकोनी बिल्ले असत. ओबरस्टुर्मफ्यूररला सोबत एक पट्टी, हाउप्टस्टुर्मफ्यूररला दोन. १९३४ मध्ये एसए या जुन्या दलाचा प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याची हत्या झाली, त्यानंतर एसएस त्या दलापासून स्वतंत्र झाली आणि तिने पदांची काही नावे बदलून घेतली.

पद खालचे असले, तरी हातातली सत्ता भयंकर होती. आमोन ग्योट १९४३ मध्ये प्लाशुफ या छळछावणीचा प्रमुख झाला, तेव्हा तो उंटरस्टुर्मफ्यूरर, म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी होता. हजारो ज्यूंचे जगणे-मरणे त्याच्या लहरीवर अवलंबून होते. आउशवित्झ छळछावणीत कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर योझेफ मेंगेले आणि फ्रान्समधील लियाँचा गेस्टापोप्रमुख, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा प्रमुख, क्लाउस बार्बी हे दोघेही हाउप्टस्टुर्मफ्यूरर. वरून हुकूम आले होते, ही सबब अशा माणसांना मुळीच लागू पडत नाही.

न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये एसएसला गुन्हेगारी संघटना ठरवले. त्याच वर्षी ग्योटला फाशी झाली. बार्बीला जन्मठेप व्हायला १९८७ उजाडले. मेंगेलेवर कधीच खटला चालला नाही. १९७९ मध्ये तो ब्राझीलमध्ये बुडून मेला.