विरलेल्या लुगड्यांचे दशक

महाराष्ट्रातील शहरांत गोधडीला पुन्हा बरे दिवस आल्याचे गेली काही वर्षे सांगितले जाते. प्रदर्शनांत, ऑनलाइन दुकानांत आणि पर्यटकांसाठी सजवलेल्या शेतघरांत ती दिसते, तिची किंमत काही हजारांत असते, आणि तिच्यासाठी ताग्यातून नवे कोरे कापड आणून, ते मापात कापून, मग पुन्हा जोडलेले असते. नवे कापड कापून गोधडी करणे ही कल्पना चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणत्याही घरात वेडगळ ठरली असती, कारण नेसून, धोपटून आणि उन्हात वाळवून विरलेल्या कापडाचा शेवटचा व बहुधा सर्वांत दीर्घ उपयोग म्हणजे गोधडी होय. शिवणारे हात संपले म्हणून गोधडी मागे पडली असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात हात शिल्लक असतानाच कापड संपले, आणि ते संपण्याची क्रिया 1980 ते 1990 या एका दशकात बऱ्याच अंशी पूर्ण झाली.

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून, म्हणजे सुई सरळ रेषेत खालीवर नेत, एकजीव केलेले पांघरूण वा अंथरूण म्हणजे गोधडी. तीच अधिक जाड, अधिक ठिगळांची आणि घरात खालच्या पायरीवर असलेली झाली की अनेक भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी दोन-तीन थरांची, हातभर लांबीची केली की ते दुपटे होते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कर्नाटकातील कवदी ही तिची सख्खी भावंडे आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका कवदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची जी त्रिकोणी फुले बसवतात, तशी सजावट मराठी मुलखात क्वचितच दिसते; येथील बाईने आपली हौस लुगड्याच्या काठांची चौकट जुळवण्यावर भागवली.

या वस्तूचा आधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. नाथपंथी जोग्यांची कंथा आणि गाडगेबाबांच्या अंगावरील चिंध्या यांचा उल्लेख प्रत्येक लेखात येतो (लोक बाबांना गोधडेबुवाही म्हणत), परंतु विरक्ताने पांघरलेल्या गोधडीवरून संसारी बाईच्या शिवणाविषयी फारसे काही कळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कापडाचे नियंत्रण, त्यानंतरची रेशनवरची जाडीभरडी कापडे आणि 1972 चा दुष्काळ या काळांत गोधड्या गरजेपोटी शिवल्या गेल्या, आणि गरजेपोटी होणाऱ्या कामाची नोंद ठेवण्याची फुरसत कोणालाच नव्हती.

प्रत्यक्ष शिवणकाम मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. सारवलेली जमीन खडखडीत वाळल्यावर तिच्यावर अस्तराचे लुगडे ताणून पसरत, कोपऱ्यांवर वजने ठेवत, त्यावर धोतराचे, परकराचे, सदऱ्याचे तुकडे अशा रीतीने मांडत की शिवण शिवणीवर येऊन गाठ होऊ नये. मग सर्वांत वर चांगल्यातले लुगडे घालून कच्च्या टाक्यांनी थर जागच्या जागी धरून ठेवत. मोठ्या नेढ्याच्या सुईत जाड सुती दोरा ओवून पहिला फेरा कडेने घातला जाई, दुसरा त्याच्या आत बोटभर अंतरावर, आणि अशा एकात एक चौकटी घालत शिवण मध्याकडे सरके. कडेकडून आत येताना प्रत्येक टाका थोडेसे कापड पुढे ढकलतो, आणि हे जादा कापड मध्यावर साचले की तिथे झोळ येतो, म्हणजे थर एकमेकांपासून सुटून पिशवीसारखे लोंबतात. तो टाळण्यासाठी डाव्या हाताचा तळवा सुईच्या पुढे सतत फिरत राहतो आणि जादा कापड दिसणारही नाही इतके थोडेथोडे प्रत्येक फेऱ्यात जिरवले जाते. दोघी समोरासमोर बसून शिवत असतील तर दोघींच्या हाताचा ताण सारखा असावा लागतो, म्हणूनच कोणाबरोबर शिवायला बसायचे याविषयी बायका चोखंदळ असत. हे सारे मोजमाप नजरेने होई. त्याला कौशल्य म्हणण्याऐवजी ‘मायेची ऊब’ म्हणण्याची जी सवय मराठी कवितेला आणि भाषणांना जडली, तिने या कामाचे जितके नुकसान केले तितके क्वचितच कोणत्या गिरणीने केले असेल, कारण माया म्हटली की मजुरी विचारायची सोय राहत नाही.

1980 च्या सुमारास लहान गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या मध्यमवर्गीय घरात दुपारचे जेवण, भांडी आणि निवडणे-टिपणे उरकल्यावर चहापर्यंतचा जो वेळ बाईच्या हाती राही, त्यात शिवण आणि वाचन ही दोन कामे बरोबरीने चालत. आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ लागलेले असे, एखादी शेजारीण मांडी घालून मासिकातली गोष्ट मोठ्याने वाचे आणि बाकीच्या टाके घालत ऐकत. श्रावणात मासिकाची जागा शिवलीलामृताची पोथी घेई. 1967 च्या कायद्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांना नियमित अनुदान मिळू लागले होते, आणि या वाचनालयांची दिवाळी अंक योजना, म्हणजे एकदाच ठरावीक वर्गणी भरून अनेक दिवाळी अंक पाळीपाळीने घरी नेण्याची सोय, पुढील उन्हाळ्यापर्यंत पुरे. या वाचनाला हलके लेखणाऱ्या समीक्षकांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. मराठी स्त्रीच्या आत्मकथनाला याच दशकात जो वाचकवर्ग मिळाला, तो विद्यापीठांत तयार झाला नव्हता. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. फलटणला किराणा दुकान चालवताना पुड्या बांधण्याच्या रद्दीतले कागद वाचत आणि घरच्यांपासून वह्या लपवत त्यांनी ते लिहिले होते. माधवी देसाई यांचे ‘नाच गं घुमा’ 1988 मध्ये, तर सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये आले, आणि या पुस्तकांवरील खरे वाद परिसंवादांपेक्षा अंथरलेल्या अस्तराभोवती अधिक रंगले, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. ज्या घरांत वाकळ हे केवळ दारिद्र्य होते, जिथे एका वाकळेखाली चार भावंडे ओढाताण करत झोपत, त्या घरांचे वर्णनही याच वाचनातून शिवणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचले. गोधडीच्या गोडव्यात गुरफटलेल्या नंतरच्या लेखकांना मात्र ते दिसले नाही.

किती गोधड्या हव्यात हे पाहुण्यांवर ठरे. मे महिन्याच्या सुट्टीत एसटीने येणाऱ्या माहेरवाशिणी, त्यांची मुले, मुंबईहून आलेले दीर-जावा आणि लग्नसराईतली मंडळी यांच्यासाठी गोधड्यांची एक चवड कोपऱ्यात कायम रचलेली असे, आणि तिच्यात काटेकोर प्रतवारी पाळली जाई: अलीकडे शिवलेली, चांगल्या काठांची गोधडी जावयाला, मऊ झालेली वडीलधाऱ्यांना, आणि भरण बाहेर डोकावणारी पोरांना. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की बाळंतविडा, म्हणजे दुपटी, कुंची, झबली, टोपडी असा तान्ह्या मुलाचा सगळा कपडा, तयार करण्याची धांदल उडे, आणि दुपट्यासाठी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचे लुगडे मागितले जाई, कारण तितके मऊ कापड बाजारात मिळत नसे. नवरात्राआधी घरातील झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे धुण्याला दसरा काढणे म्हणतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, त्यामुळे नदीवर दोघीतिघी मिळून ती तुडवत, पिळत आणि खडकांवर पसरत, आणि वर्षभरात रुसलेल्या जावा त्या निमित्ताने एकमेकींशी बोलत. शहरात राहायला गेलेल्या मुलांकडे परतीच्या सामानात एक गोधडी जाई, गिरणगावातील खोलीत वळकटीत तिची घडी बसे, आणि सुट्टीला येताना चाकरमानी गिरणीच्या दुकानातले तुकड्यांचे कापड गावी आणी. गाव आणि गिरणी यांच्यातील ही देवघेव कोणत्याही आर्थिक पाहणीत नोंदली गेली नसली तरी खरी होती.

या व्यवहारात तिसरी बाजू होती ती बोहारणीची, म्हणजे जुने कपडे घेऊन बदल्यात भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेतीची. स्टीलच्या भांड्यांची हौस वाढीला लागलेल्या त्या वर्षांत दारात बसलेली बोहारीण प्रत्येक लुगडे उलगडून उजेडासमोर धरी, विरलेले दिसले की बाजूला टाकी आणि धडके तेवढे मोजणीत घेई. गोधडी शिवणाऱ्या बाईला नेमके तिने टाकलेलेच हवे असे. धडक्या कापडाला स्टीलचा डबा आणि विरक्या कापडाला सुई, अशी ही वाटणी कोणाचेही न अडता चालत आलेली होती. पॉलिएस्टर साडीने ती मोडली. ही साडी विरत नाही, तिचा रंग उडत नाही, ती घाम शोषत नाही आणि दोन थरांत एकमेकींवरून घसरत राहते. सुईने टोचलेली जागा चुण्या धरते आणि कितीही धुतली तरी अंगाला मऊ लागत नाही. साहजिकच अशा साडीचा शेवट बोहारणीच्या गाठोड्यात होऊ लागला आणि चवडीत नवी गोधडी पडेनाशी झाली.

हा बदल आपोआप झाला नाही. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्याचा शेवट औपचारिकपणे कधी झालाच नाही. त्याच वर्षी मुंबईपासून फार दूर नसलेल्या पाताळगंगा येथे पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले. जून 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने सुती की कृत्रिम हा धाग्याचा प्रश्न उत्पादकाच्या मर्जीवर सोपवला. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांवर सुती पातळे नंतरही विणली गेली, परंतु रोज नेसायला इस्त्री न लागणारी, लवकर वाळणारी साडी बायकांनी मनापासून पसंत केली आणि त्यात त्यांची चूक काढण्याचा अधिकार कोणालाच नाही, विशेषतः जे स्वतः कधी नऊवारी लुगडे पिळायला गेले नाहीत त्यांना. दोष द्यायचाच तर तो वेगळीकडे द्यावा लागतो. याच काळात स्त्रियांच्या मासिकांतील हस्तकलेची पाने क्रोशाच्या रुमालांनी, मॅक्रमेच्या लोंबत्या टोपल्यांनी आणि टीव्हीवर घालायच्या आच्छादनांनी भरलेली असत. शिवणवर्गांत झबल्यापासून ब्लाऊजपर्यंत सारे शिकवत, आणि गोधडी हे गावंढळ काम म्हणून वर्गाबाहेर राही. ब्रिटनमध्ये 1982 साली आणि अमेरिका व फ्रान्समध्ये 1985 पासून भारत महोत्सव भरले, देशी वस्त्रकलेला सरकारी प्रतिष्ठा मिळू लागली, आणि कांथा व फुलकारी ही नावे घरोघरी पोहोचली; त्या यादीत गोधडीला ठसठशीत जागा मिळावी म्हणून मराठी विद्वत्तेने आवाज उठवल्याचे दिसत नाही. पुढे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर परिश्रमपूर्वक ग्रंथ केला, तोही इंग्रजीत आणि फ्रान्समधील प्रकाशकाकडून आला, यात खंडेलवालांचा गौरव आहे आणि मराठी प्रकाशनव्यवहाराची नामुष्की.

नव्वदीनंतरचा काळ सांगण्याजोगा फारसा नाही. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली, मग रंगीत फुलांची मिंक ब्लँकेटे लग्नात आहेर म्हणून फिरू लागली, दुपारचा वेळ दूरदर्शनने आणि नंतर मालिकांनी घेतला, पाहुणे मुक्कामाला राहीनासे झाले, आणि सदनिकांमध्ये ओली गोधडी वाळवण्याइतका कठडाही उरला नाही.

आज पुण्यासारख्या शहरांत ‘गोधडी शिवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात, रस्त्याकडेला बसून शिवून देणाऱ्या बायकाही आढळतात, आणि त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक बहुधा निवर्तलेल्या आईच्या साड्यांचे गाठोडे घेऊन येते. ही आई नऊवारी नेसणाऱ्या पिढीच्या नंतरची असल्याने गाठोड्यातील बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या निघतात. शिवणारी बाई आधी नाही म्हणते, मग वरून साडी आणि आत जुन्या सुती चादरी अशी तोड सुचवते, चादरी विकत आणायला सांगते आणि मजुरीचा आकडा सांगते, जो गिऱ्हाइकाला नेहमीच जास्त वाटतो. वॉशिंग मशीनमध्ये दोन-चार वेळा फिरल्यावर आतली चादर आटते, वरची साडी आटत नाही, मधोमध झोळ येतो, आणि गोधडी परत आणून देणारे गिऱ्हाईक तिच्या टाक्यांत खोट काढते.