गप्प झाले म्हणजे शांत झाले काय?

औषधांच्या डब्यात गुंगी आणणारी एखादी तरी गोळी बहुधा सापडतेच. कधी ती सर्दीची असते, कधी प्रवासातील मळमळीची, कधी आजोबांना डॉक्टरांनी लिहून दिलेली. घरात कुणी बेचैन झाले की हात त्या डब्याकडे वळतो. पण डोळे मिटले म्हणजे बरे वाटले, ही समजूत जरा तपासून पाहण्याजोगी आहे.

या औषधांच्या इतिहासाचा एक धागा आपल्या पश्चिम घाटातही सापडतो. तेथील ओल्या रानांत उगवणाऱ्या सर्पगंधेचे मूळ उन्मादावर देण्याची चाल आपल्या देशात जुनी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि लवकरच ते पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत पोहोचले. खवळलेले रोगी निवळले खरे. परंतु काहींना खिन्नतेने ग्रासल्याच्या तक्रारीही मागोमाग आल्या.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रीला तान्हे मूल सांभाळण्याची अडचण सांगावी लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांतील अनेक माता एके काळी मुलाला बाळागोळी देऊन कामावर जात. तिच्यात अफू असे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार निदान सुखवस्तूंना तरी नाही. मात्र अफूने मूल झोपते तेव्हा त्याचा श्वास मंदावतो आणि भूकही मरते. आज अफूची जागा काही घरांत सर्दी-खोकल्याच्या बाटलीने घेतली आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, ही सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. मूल रात्री रडू नये म्हणून ती बाटली उघडणे तर सर्वथा गैर.

वृद्धांची गोष्ट निराळी. त्यांच्या शरीरातून डायझेपामसारखे औषध फार सावकाश बाहेर पडते. रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशीही अंगात असते. पहाटे लघवीला उठलेले आजोबा तोल जाऊन पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळ्यांनी लघवी तुंबते, भ्रम होतो, आणि घरचे म्हणतात, "वय झाले." उलट, महिनोन्‌महिने घेतलेली झोपेची गोळी एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागते. आपल्या तंबाखूच्या मुलखाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिडीच्या धुराने क्लोझापिन व ओलान्झापिन ही मानसिक आजारावरील औषधे शरीरात लवकर निकामी होतात. अशा रोग्याने बिडी सोडली तर तीच मात्रा त्याला जड होऊन सुस्ती वाढते. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांच्या कानावर घालून.

मुक्या प्राण्यांची दैना याहून मोठी, कारण त्यांना तक्रार करता येत नाही. दिवाळीत फटाक्यांनी बिथरणाऱ्या कुत्र्याला पूर्वी ॲसिप्रोमेझिन सर्रास देत. त्याने अंग ढिले पडते, भीती मात्र जाईलच असे नाही. बिचारा पळू शकत नाही, आवाज मात्र ऐकत राहतो! म्हणून आता पशुवैद्य भीतीवर काम करणारी दुसरी औषधे पसंत करतात. खिडक्या लावलेल्या आतल्या खोलीचा आणि घरच्या माणसाच्या सोबतीचाही उपयोग होतो. आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून मात्र कदापि घालू नये. माणसाला सोसणारे पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. गुंगीच्या गोळ्यांचा हिशेबही जातीजातीला वेगळा.

गोठ्यातले उदाहरण तर याहून बोलके आहे. झायलाझिन या टोचणीची घोड्याला लागणारी मात्रा पाहिली, तर गाईला तिचा सुमारे दहावा हिस्सा पुरतो. रवंथ करणारे जनावर आडवे पडले की पोट फुगते, पोटातले तोंडात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गाभण जनावराच्या शेवटच्या महिन्यांत या औषधाने गर्भाशय आकुंचन पावून गर्भपाताचे भय राहते. म्हणून शिंग कापायचे असो वा जखम शिवायची असो, जनावर कितव्या महिन्यात आहे आणि सकाळपासून काय खाल्ले आहे, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता मालकाने आधीच सांगावे.