बदलीचे चार गुण

इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरील फँटसी फुटबॉलमध्ये ट्रान्सफर (एका खेळाडूच्या जागी दुसरा घेणे) दर फेरीला एक फुकट मिळते. पुढच्या प्रत्येकीला ४ गुण कापतात. नवा खेळाडू ४ गुणांपेक्षा जास्त मिळवेल की झाली वसुली, असे नवख्यांना वाटते. तिकीट रद्द करून दुसरे काढताना कापलेली रक्कम आपण धरतोच. इथे काढलेल्या खेळाडूचे हुकलेले गुणही धरावे लागतात. समजा, नवा मिडफिल्डर पूर्ण सामना खेळला आणि त्याने गोल केला: २ अधिक ५, म्हणजे ७ गुण. जुन्याला नुसते ६० मिनिटे खेळूनही २ मिळाले असते. ४ वजा जाता हाती उरतो एकच गुण, आणि तोही गोल झाला तर. फुकट बदल्या ५ पर्यंत साठवता येतात. सुरुवातीला त्या जरूर साठवाव्यात.