पाण्याचा रकाना

पहाटे ५:१०
बेंगळुरूच्या नगरथपेटेतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. २९ एप्रिल २०२४, सोमवार. रात्रभर पंखा फिरला, तरी भिंती कोमट आहेत. नळातून आधी हवा येते, मग पाणी. "आलं बघ, ऊठ," तात्या हाताखालच्या पोराला हाक मारतात. कावेरीचं पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. एक पिंप, दोन बादल्या, पाच घागरी. तात्या पाइप धरतात, पोरगा उचलाउचल करतो. इमारतीची बोअर फेब्रुवारीत आटली. शहरातल्या सरकारी बोअर सुमारे १३,९००. त्यातल्या ६,९०० कोरड्या, असं मार्चमध्ये उपमुख्यमंत्रीच बोलले.

सकाळी ७:३०
चहा, शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तात्यांचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचा हा मुलूख. इथली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत पांगली आहेत. तात्यांचा जन्म १९७१चा. पुढच्याच वर्षी दुष्काळ. आई खडी फोडायला जायची, पोरं सुकडीवर वाढली. वडील गाव सोडून भट्टीवर लागले. तात्या १९८६ला इथं आले, पंधराव्या वर्षी.

सकाळी ९:१५
दुकान आठ बाय दहा. महिन्याच्या चौदा हजारांत पोरगा सगळंच करतो. आधी झाडलोट. पण केर बाहेर जात नाही, डब्यात जातो. त्यात सोन्याचे कण असतात. झारेकरी येऊन तो तोलून विकत घेतो. कोपऱ्यात पाण्याचा टब. हात धुवायचे ते त्यातच. ते पाणीही फेकत नाहीत, तळ बसू देतात. पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरलं तर ५,००० रुपये दंड, असा हुकूम मार्चमध्ये निघाला. तात्या म्हणाले, "आमच्याकडं हात धुतलेलं पाणी सांडलं तरी बोलणी खावी लागायची. चाळीस वर्षं झाली."

सकाळी ११:००
अक्षय्य तृतीया १० मेला. भाव तोळ्याला बहात्तर हजारांच्या पुढे, म्हणून लोक जुनं मोडायला काढतायत. सराफाचा माणूस पुडी आणतो: तुटकी साखळी, तीन अंगठ्या, एक वाकलेलं कानातलं. तात्या तोलतात, वहीत लिहितात, मुशीत घालतात. वरून चिमूटभर टाकणखार. मग पंखा बंद. वाऱ्यानं ज्योत हलते, भुकटी उडते. सोनं वितळतं १,०६४ अंशांना. तात्यांचं तोंड मुशीपासून हातभर लांब.

आदल्या दिवशी शहरात ३८.५ अंश नोंदले गेले. भट्टीपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण तात्या दार दाखवतात. "पूर्वी आटणी झाली की उंबऱ्यात जाऊन उभं राहायचं. दोन मिनिटांत घाम वाळायचा. आता बाहेरूनच झळ येती."

दुपारी १:४५
डबा. भात, सांबार, ताक. पोराला गरगरतंय. तात्या त्याला मीठ-साखरेचं पाणी देतात आणि तासभर आडवं व्हायला सांगतात. त्या तासात दोन पुड्या शेजारच्या दुकानात जातात. एका आटणीचे दीडशे रुपये. तात्या तीनशेचा हिशेब मनात करतात, बोलत नाहीत.

दुपारी ३:३०
आता शुद्धीकरण. एक भाग सोनं, तीन भाग चांदी, असं एकत्र वितळवून त्याचा पातळ पत्रा केलेला असतो. तो तेजाबात सोडला की तपकिरी धूर निघतो. चांदी विरघळते, सोनं तळाशी भुकटी होऊन बसतं. ती भुकटी चार-पाच पाण्यांनी धुवायची. नळाचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्लोराइडनं चांदी दह्यासारखी फुटते आणि सोन्यात अडकते. म्हणून कॅनचं पाणी. पूर्वी एक कॅन पुरायचा, तीस रुपयांचा. आता माणसंच जास्त पितात. दोन कॅन, पंचेचाळीस रुपयांनी.

संध्याकाळी ६:००
टँकर आला. मोठा या गल्लीत शिरत नाही, सहा हजार लिटरचा येतो. जिल्हा प्रशासनानं दर बांधून दिलाय: पाच किलोमीटरच्या आत ६०० रुपये. ड्रायव्हर पाइप ओढायचे शंभर वेगळे मागतो. तात्या कानडीत घासाघीस करतात, तो हसतो, शंभर घेतोच. सात भाडेकरू, माणशी शंभर. सगळे एकदा आभाळाकडं बघतात. एप्रिल संपत आला, शहरात पावसाचा थेंब नाही. असा कोरडा एप्रिल १९८३ नंतर हाच. म्हणजे तात्यांनी इथं तो पाहिलेलाच नाही.

रात्री ८:४५
शटर अर्धं खाली. मी विचारलं, "तात्या, या उन्हाची काळजी वाटते का?"

"काळजी करून पाऊस पडला असता तर वडलांनी गाव सोडलं असतं का?" म्हणाले आणि वही ओढली.

जानेवारीच्या पानावर पाणी 'किरकोळ'मध्ये आहे, चहा-काडेपेटीच्या ओळीत: ७८० रुपये. मार्चपासून त्याला वेगळा रकाना. आज कॅनचे ९०, टँकरचे १००. एप्रिलची बेरीज आजवर ३,१४०.

तात्यांनी पान उलटलं आणि पट्टी धरून मे महिना आखायला घेतला. पाण्याचा रकाना या वेळी दोन बोटं रुंद ठेवला.